भजनापासून कायद्यापर्यंत



ब्राह्मणपुरी हें गांव ज्या शहादे तालुक्यांत आहे, त्याच्या दक्षिणेस तापी वाहते व उत्तरेस सातपुडा उभा आहे. मधली जमीन काळी व कसदार. या जमिनीचा इतिहास म्हणजे ती एका हातांतून दुसऱ्या हातांत कशी गेली याचा इतिहास होय. कर्जापायीं, कागदावर उठविलेल्या अंगठ्यापायीं भिल्लांचीं शेतें इतरांकडे गेलीं. आणि पूर्वीचा धनी आपल्याच रानांत सालदार म्हणून राबूं लागला.

या लोकांचा उद्धार कसा व्हावा? १९३८ च्या सुमारास गुला महाराजांनीं दारू सोडा, स्वच्छ राहा, असा उपदेश केला. हजारों लोकांनीं तो मानला. परंतु आचरण सुधारलें तरी गेलेली जमीन परत आली नाहीं.

पुढें याच तालुक्यांतील अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल गृहस्थ सर्वोदयाच्या कार्यांत शिरले. ते भजनें गात. लोक त्यांस महाराज म्हणत. १९७१ सालीं पाटीलवाडी येथें धान्य नेणाऱ्या उपाशी आदिवासींवर गोळीबार झाला व त्यांत प्राणहानि झाली. त्यानंतर नुसत्या सेवेनें भागणार नाहीं, हें स्पष्ट झालें. ३० जानेवारी १९७२ रोजीं, गांधीजींच्या पुण्यतिथीस, शहाद्यास भूमुक्ति मेळावा भरला. त्याच वर्षीं श्रमिक संघटना स्थापन झाली. जमिनीचा प्रश्न आतां गांवच्या चावडींतून राज्याच्या राजकारणांत आला.

१९७४ सालीं अंबरसिंग निवर्तले. त्याच वर्षीं आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरावर सरकारनें कडक निर्बंध घातले. पुढें १ नोव्हेंबर १९७५ पासून जमिनी परत देण्याचा कायदा अमलांत आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत आदिवासींकडून इतरांकडे कायदेशीर व्यवहारानें गेलेली जमीनही त्यामुळें मागतां येऊं लागली. शहाद्यासारख्या चळवळींचा रेटा नसता, तर हा प्रश्न विधिमंडळांत इतक्या निकडीनें पोहोंचता ना.

मात्र एक गोष्ट विसरूं नये. जमीन परत घेणाऱ्यानें ती स्वतः कसण्याची व ठरलेली रक्कम भरण्याची तयारी दाखवावी, अशी अट या कायद्यांत होती. ज्याच्या घरीं बियाण्यालाही पैसा नाहीं, त्यानें ती रक्कम कोठून आणावी? म्हणून कायदा झाला म्हणजे सेवकाचें काम संपलें, असें नव्हे. कागद वाचून दाखविणारा, कचेरींत बरोबर जाणारा मनुष्य तेव्हांच खरा हवा असतो. अंबरसिंगांच्या मागें हेंच काम इतरांकडे आलें.