पाळीव कोंबडीचे आजारपण व अंतिम काळजी

पाळीव कोंबडीचे आजारपण व अंतिम काळजी या विषयात घरगुती सोबतीसाठी किंवा हौसेसाठी पाळलेल्या कोंबडीच्या आजाराची ओळख, शुश्रूषा, वेदनाशमन, तसेच आजार बरा होण्याजोगा नसल्यास घ्यावयाचे निर्णय यांचा समावेश होतो. व्यावसायिक कुक्कुटपालनात संपूर्ण कळपाचे आरोग्य व उत्पादन यांना प्राधान्य असते आणि अंडी देण्याचे प्रमाण घटताच, म्हणजे साधारण दीड वर्षाच्या सुमारास, कोंबड्या काढून टाकल्या जातात. परिणामी वृद्ध कोंबडीच्या आजारांचा अनुभव व्यवसायात क्वचितच येतो. याउलट परसात किंवा गच्चीवर पाळलेली कोंबडी पाच ते आठ वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते. अशा पक्ष्याची काळजी हा पशुवैद्यकात पक्षिचिकित्सा व पशुधन-चिकित्सा यांच्या सीमेवरचा विषय आहे.

पार्श्वभूमी

पाळीव कोंबडी (गॅलस गॅलस डोमेस्टिकस) ही प्रामुख्याने दक्षिण व आग्नेय आशियातील लाल रानकोंबड्यापासून उत्पन्न झाली. रानकोंबडी वर्षाला सुमारे १० ते १५ अंडी देते, तर निवड पद्धतीने विकसित केलेल्या व्हाइट लेगहॉर्नसारख्या जाती वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देतात. या अतिरिक्त ताणामुळे कोंबड्यांत अंडनलिका व अंडाशय यांचे विकार मोठ्या प्रमाणात आढळतात. कोंबडीला अंडाशयाचा कर्करोग नैसर्गिकरीत्या होतो. म्हणून मानवी अंडाशयाच्या कर्करोगाच्या संशोधनात तिचा प्रारूप प्राणी म्हणून उपयोग केला जातो. गावठी कोंबड्या तुलनेने कमी अंडी देत असल्याने त्यांच्यात हे विकार कमी दिसतात; त्यांच्या मृत्यूचे प्रमुख कारण साथीचे रोग हे असते.

आजार लपविण्याची प्रवृत्ती

कोंबडी हा भक्ष्य बनणारा प्राणी असल्याने ती अशक्तपणा शक्य तितका काळ लपवते. कळपातील श्रेणीक्रम हेही याचे एक कारण आहे. हा क्रम नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्लिफ शेल्डरुप-एब्बे यांनी १९२० च्या दशकात कोंबड्यांच्या निरीक्षणातून प्रथम शास्त्रीय पद्धतीने मांडला. आजारी पक्ष्याला इतर कोंबड्या टोचून दाण्यापासून दूर ठेवतात. त्यामुळे पाळणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. ‘काल बरी होती, आज मेली’ हा सर्वत्र ऐकू येणारा अनुभव बहुधा याच कारणाने येतो.

लक्षणे

निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. त्यामुळे हाताला ती गरम लागणे हे तापाचे चिन्ह नव्हे. आजाराची सर्वसाधारण लक्षणे पुढीलप्रमाणे आहेत :

- पिसे फुगवून, मान आत ओढून व डोळे मिटून एका कोपऱ्यात बसणे.
- तुरा फिकट, निळसर किंवा सुकलेला दिसणे.
- सकाळी खुराडे उघडल्यावर दाण्याकडे न धावणे.
- विष्ठा पातळ, रक्तमिश्रित किंवा गडद हिरवी होणे. अन्न पोटात नसताना केवळ पित्त बाहेर पडल्यानेही विष्ठा हिरवी दिसते.
- छातीचे हाड हाताला धारदार लागणे. हे दीर्घकाळ वजन घटत असल्याचे लक्षण आहे. पिसांमुळे ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.
- चोच उघडी ठेवून श्वास घेणे, घरघर, लंगडणे, मान वाकडी होणे.

दोन नैसर्गिक अवस्थांचा आजाराशी घोटाळा होतो. खुडूक कोंबडी दिवसातून एखाद्या वेळीच खाण्यासाठी उठते, परंतु हात लावताच पिसे फुलवून चवताळते. पिसे गळण्याच्या काळात अंडी बंद होतात व तुरा फिकट पडतो. मात्र भूक टिकून असते.

प्रमुख आजार

राणीखेत (मानमोडी) : हा विषाणुजन्य रोग असून जगात न्यूकॅसल रोग या नावाने ओळखला जातो. धाप, हिरवी हगवण, पक्षाघात व मान पिळवटणे ही त्याची लक्षणे होत. त्यावर उपचार नाही. लासोटा व आर-टू-बी या लसींनी तो टाळता येतो.

मरेक रोग : हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मरेक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. तरुण कोंबडीचा एक पाय पुढे व एक मागे असा ताणला जाणे हे त्याचे ठळक चिन्ह होय. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलाला पहिल्या दिवशी लस दिली जाते. रोग झाल्यावर इलाज नाही.

रक्ती हगवण : कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवींमुळे, विशेषतः ओलसर जागेत, पिलांना व तलंगांना होते. वेळेवर औषध दिल्यास बरी होते.

अंडे अडकणे : कोंबडी वारंवार कुंथते, शेपटी खाली पाडून उभी राहते व शेपटी वरखाली हलवते. कोमट पाण्यात बसवणे, ऊब व कॅल्शियम यांचा उपयोग होतो. अंडे आत फोडू नये. कवचाच्या तुकड्यांनी अंडनलिका फाटू शकते. काही तासांत अंडे न आल्यास ही तातडीची स्थिती समजली जाते.

बलकजन्य उदरदाह : बलक अंडनलिकेत न जाता उदरपोकळीत पडतो व तेथे जंतुसंसर्ग होतो. पोट पाण्याच्या पिशवीसारखे फुगते. प्रतिजैविके, उदरातील द्रव काढणे व अंडी थांबवणारे संप्रेरक-रोपण (डेस्लोरेलिन) यांनी काही काळ आराम पडतो. आजार मात्र बहुधा उलटतो.

अन्नपुटाचे विकार : अन्नपुट, म्हणजे गळ्याखालची दाण्याची पिशवी, सकाळी रिकामी असणे अपेक्षित असते. ती घट्ट भरलेली किंवा आंबूस वासाची असल्यास अन्न अडकले आहे असे समजावे. कोंबडीला उलटे धरून ओकवण्याचा प्रघात धोकादायक आहे; द्रव श्वासनलिकेत जाऊन ती गुदमरते.

शुश्रूषा

आजारी कोंबडीला प्रथम कळपापासून वेगळे केले जाते. त्यामुळे संसर्ग रोखला जातो, टोचणी थांबते आणि तिने किती खाल्ले व विष्ठा कशी आहे हे पाहता येते. पुठ्ठ्याचे मोठे खोके किंवा पिंजरा, तळाशी सुके फडके व सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब पुरेशी असते. उन्हाळ्यात मात्र गारवा आवश्यक असतो; कोंबडीला घर्मग्रंथी नसल्याने ती प्रामुख्याने धापा टाकून उष्णता कमी करते.

अन्नापेक्षा पाणी अधिक निकडीचे असते. कोंबडीची श्वासनलिका जिभेच्या मुळाशी उघडत असल्याने चोचीत पाणी ओतू नये. चोचीच्या कडेला थेंब लावल्यास ती स्वतः गिळते. पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसते व श्वासासाठी छातीचे हाड हलावे लागते. म्हणून तिला छातीवर आवळून धरू नये. रोज ठराविक वेळी स्वयंपाकघरातील काट्यावर केलेले वजन हे सुधारणेचे सर्वांत विश्वसनीय माप मानले जाते.

माणसांची वेदनाशामके किंवा उरलेली प्रतिजैविके स्वतःच्या मनाने देणे घातक ठरते. पक्ष्यांसाठी पशुवैद्य सामान्यतः मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक योजतात. उपचाराच्या काळात व त्यानंतर पशुवैद्य सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत. साल्मोनेला जंतूंचा संसर्ग माणसाला होऊ शकत असल्याने हात साबणाने धुणे आवश्यक असते.

महाराष्ट्रात तालुका पशुवैद्यकीय दवाखान्यांखेरीज मुंबई (परळ), नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत तपासणीची सोय आहे.

जीवनमानाचे मूल्यमापन

बरे होण्याची आशा नसताना निर्णय केवळ भावनेवर सोपवू नये, यासाठी काही निकष वापरले जातात. ब्रिटनमधील ब्रँबेल समितीच्या १९६५ च्या अहवालातून पुढे ‘पाच स्वातंत्र्ये’ ही संकल्पना आकारास आली : भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व आजार, भय यांपासून मुक्ती आणि नैसर्गिक वर्तनाची मोकळीक. अमेरिकी पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी कुत्र्या-मांजरांसाठी सात निकषांची मोजपट्टी तयार केली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल व वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक असणे हे ते निकष होत. प्रत्येकास शून्य ते दहा गुण दिले जातात व ३५ पेक्षा अधिक बेरीज समाधानकारक मानली जाते.

कोंबडीच्या बाबतीत हे निकष तिच्या वर्तनात उतरवून पाहावे लागतात : ती माती उकरते का, धूळस्नान करते का, उन्हात पंख पसरते का, आवडीचा दाणा उचलते का, रात्री दांडीवर चढते का. अंडी देणे हा निकष नव्हे. अंडी थांबलेली कोंबडीही अनेक वर्षे सुखाने जगू शकते. कॅलेंडरवर चांगल्या व वाईट दिवसांच्या खुणा केल्यास आजाराची दिशा स्पष्ट होते. रोज थोडी थोडी खालावणारी स्थिती रोज पाहणाऱ्यालाच सर्वांत उशिरा जाणवते.

दयामरण व त्याचे पर्याय

असह्य व अटळ वेदनेतून सोडविण्यासाठी पशुवैद्याने कमीत कमी त्रासात मृत्यू घडवणे यास दयामरण म्हणतात. पक्ष्याला प्रथम बेशुद्ध करून नंतर बार्बिट्युरेट वर्गातील औषधाची अतिरिक्त मात्रा देणे ही सर्वांत सौम्य पद्धत समजली जाते. अशा पक्ष्याचे मांस विषारी असते. मानेचे मणके क्षणात विलग करण्याची पद्धत अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत सशर्त ग्राह्य आहे. ती करणारा प्रशिक्षित असणे ही त्यातील मुख्य अट होय. बुडवणे, गुदमरवणे किंवा उपाशी ठेवून मरू देणे या गोष्टी क्रौर्यात मोडतात.

दयामरणाविषयी मतभिन्नता आहे. जैन व अन्य अहिंसावादी परंपरांत प्राण्याचा जीव घेणे, हेतू दयेचा असला तरी, अमान्य केले जाते. पांजरपोळांत वृद्ध व आजारी प्राण्यांना अखेरपर्यंत सांभाळण्याची प्रथा या विचारातूनच आली. दुसऱ्या मतानुसार, टाळता येण्याजोगी वेदना चालू ठेवणे हीच हिंसा होय. वेदनाशमन, ऊब, पाणी व निवांतपणा देऊन नैसर्गिक मृत्यूची वाट पाहणे हा मधला मार्ग आहे. त्यासाठी वेदना खरोखर आटोक्यात असणे आवश्यक असते. श्वास कोंडत असलेल्या किंवा उठताही न येणाऱ्या पक्ष्याला हा मार्ग सहसा सुचवला जात नाही. काहीही न करणे हाही एक निर्णयच असतो व त्याचा भार पक्षी सोसतो.

कायदा व सार्वजनिक आरोग्य

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९६० कोंबडीसही लागू आहे. त्याच्या कलम ३ नुसार, प्राण्याला अनावश्यक वेदना होऊ न देणे हे तो बाळगणाऱ्याचे कर्तव्य आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आढळला. तेव्हापासून एकापाठोपाठ एक पक्षी अकस्मात मरणे ही केवळ घरगुती बाब राहिलेली नाही. अशा वेळी पशुसंवर्धन विभागास कळविणे आवश्यक असते. मर लागल्यावर आजारी कोंबड्या घाईने विकणे किंवा कापून खाणे यामुळे रोग गावोगाव पसरतो व माणसालाही धोका पोहोचतो. अशा काळात एकट्या आजारी कोंबडीवर घरी उपचार करण्याचा मालकाचा निर्णयही मर्यादित होतो, कारण बाधित क्षेत्रातील निरोगी दिसणारे पक्षीही नष्ट केले जातात.

मृत्यूनंतर

मृत्यूचे कारण अनिश्चित असून घरात इतर कोंबड्या असल्यास शवविच्छेदन उपयुक्त ठरते. त्यासाठी शव गोठवू नये. थंड ठेवून लवकर पोहोचवावे. अन्यथा विहीर व ओढ्यापासून दूर, कुत्रे उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात, चुना टाकून ते पुरले जाते. उकिरड्यावर किंवा वाहत्या पाण्यात टाकणे रोगप्रसारास कारण ठरते.

कोंबडी हा खाद्यप्राणी असल्याने तिच्यासाठी शोक करणाऱ्याला, विशेषतः लहान मुलांना, चेष्टेला तोंड द्यावे लागते. नाव ठेवलेल्या व हातावर दाणा खाणाऱ्या पक्ष्याच्या मृत्यूचे दुःख इतर पाळीव प्राण्यांच्या मृत्यूइतकेच खरे असते. मुलांना ‘पळून गेली’ असे सांगण्याऐवजी, ती आजारी होती व काय केले गेले हे सोप्या शब्दांत सांगणे हितकर मानले जाते. दयामरणाचा निर्णय घेणाऱ्यांत ‘घाई झाली का’ आणि ‘उशीर झाला का’ या दोन्ही शंका सारख्याच आढळतात. उपचाराच्या काळात ठेवलेल्या वजनाच्या व दिवसांच्या नोंदी तेव्हाही उपयोगी पडतात.

हेही पहा

- कुक्कुटपालन
- राणीखेत रोग
- बर्ड फ्लू
- दयामरण
- पांजरपोळ