स्कॉटिश पूर्वजाचे घर आणि थडगे : स्थलनामांच्या साक्षीचा विचार

परदेशात निवर्तलेल्या पूर्वजाचे मूळ घर कोठे होते व त्याचा देह कोठे विसावला, असे दोन प्रश्न त्याच्या वंशजांस पडतात. वरकरणी ते वंशावळीचे, म्हणजे केवळ कौटुंबिक प्रश्न वाटतात. परंतु त्यांचा उलगडा ज्या कागदांवरून व्हावयाचा ते कागद गावांच्या नावांवर उभे असतात. आणि नावे लिहिणारा हात व ती उच्चारणारे मुख ही बहुधा भिन्न भाषांची असतात. म्हणून हा विषय जितका इतिहासाचा तितकाच भाषाशास्त्राचाही आहे, असे आम्हांस वाटते. पूर्व विदर्भातील स्थलनामे व नागपूरचे स्कॉटिश मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे उदाहरण घेऊन प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

प्रथम तिरोडा हेच नाव घेऊ. मराठीत आपण ‘तिरोडा’ असे लिहितो. इंग्रजी कागदपत्रांत मात्र ते ‘तिरोरा’ असे आढळते. याचे कारण उघड आहे. दोन स्वरांमध्ये आलेला ‘ड’ उच्चारताना जिभेचे टोक मूर्धेला ओझरते लागून सुटते, आणि हा ध्वनी इंग्रजी कानास ‘र’कारासारखा भासतो. मध्य प्रांतात मराठीबरोबर हिंदीचाही कारभार असल्याने हिंदीतील ‘ड़’ची सवयही या लेखनास साहाय्यक झाली असावी. परंतु हा नियम सर्वत्र सारखा पाळला गेलेला नाही. बालाघाट जिल्ह्यातील मँगनीजच्या खाणींचे गाव तिरोडी हे इंग्रजीतही ‘ड’काराने लिहिले जाते. ध्वनी एकच, लेखने दोन. आणि गावे तर जवळजवळची. जुन्या पत्रातील अस्पष्ट अक्षर वाचताना एका गावाचा मृत दुसऱ्या गावी शोधला जाण्याचा संभव येथे स्पष्ट दिसतो. कामठीचे ‘काम्प्टी’ व सीताबर्डीचे ‘सीताबल्डी’ ही रूपेही याच वर्गातील होत. शोधकाने प्रत्येक नावाचे मूळ मराठी रूप आधी निश्चित करावे, व मगच नकाशाकडे वळावे.

नावाप्रमाणे हद्दीही बदलतात. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी निर्माण झाला. तत्पूर्वी तिरोडा भंडारा जिल्ह्यात होते. मध्य प्रांताची स्थापना १८६१ सालची. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. यास्तव एकाच गावाविषयीचे कागद निरनिराळ्या शासनांच्या दप्तरांत विखुरलेले असणे स्वाभाविक आहे. आजच्या जिल्ह्याच्या नावाने जुने दप्तर चाळणाऱ्यास हाती काही लागले नाही, तर त्यावरून नोंदच नव्हती असे अनुमान काढणे योग्य होणार नाही.

हीच अडचण स्कॉटलंडकडील टोकासही आहे. हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी बेरिकशायरमधील डन्स या गावी झाला. १८८२ सालापर्यंत या गावाच्या नावाच्या इंग्रजी लेखनात शेवटी एक अधिक अक्षर होते. पुढे ते गाळण्यात आले. हे गाव पूर्वी ‘डन्स लॉ’ नावाच्या टेकडीच्या उतारावर होते. सोळाव्या शतकातील इंग्रजी स्वाऱ्यांत ते जाळले गेले व नंतर आजच्या जागी वसले. म्हणजे ‘मूळ गाव’ हा शब्दही सर्वकाळ एकाच भूमीचा वाचक नसतो. ‘हिस्लॉप’ हे आडनावही मुळात स्थलवाचकच आहे. हेझल वृक्षांची दरी असा त्याचा अर्थ असून ‘हेस्लॉप’, ‘हायस्लॉप’ ही त्याची रूपांतरे आढळतात. यांपैकी एकच रूप धरून बसणाऱ्याचा शोध अर्ध्यावरच थांबावयाचा.

स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीचा आधार म्हणजे पॅरिशच्या, अर्थात् चर्चच्या अधिकारातील ग्रामक्षेत्राच्या, नोंदवह्या. त्यांत बाप्तिस्मे बऱ्याच अंशी मिळतात. दफनाच्या नोंदी मात्र विरळ असतात. कित्येकदा प्रेतावर घालावयाच्या वस्त्राचे भाडे जमा झाल्याची नोंद एवढाच मृत्यूचा पुरावा उरतो. प्रस्थापित चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांतील कुटुंबांची नावे या वह्यांत नसण्याचाही संभव असतो. उलटपक्षी एक सोयही आहे. स्कॉटिश थडग्यांवर विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव बहुधा कोरलेले असते. शिवाय थोरल्या मुलास आजोबांचे नाव ठेवण्याची चाल तेथेही होती. आपल्याकडील वाचकास ती परकी वाटणार नाही.

आता दफनस्थानाकडे वळू. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च निर्माण झाले. त्या चर्चच्या वतीने हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले. शाळा, धर्मकार्य, भूस्तरशास्त्र व आदिवासींच्या भाषा अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी परिश्रम केले. १८६३ च्या सप्टेंबरात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्यासमवेत ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले. ४ सप्टेंबरच्या सायंकाळी घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे परतत असता पुराने भरलेल्या ओढ्यात ते बुडाले. वयास शेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते. त्यांचा देह नागपुरास आणून तेथे दफन करण्यात आला.

या एकाच चरित्रात चार स्थळे आहेत : जन्म डन्स येथे, मृत्यू टाकळघाट व बोरी यांच्या दरम्यान, दफन नागपुरास, आणि स्मारक म्हणून १८८३ साली स्थापन झालेले नागपूरचे हिस्लॉप कॉलेज. मृत्यूचे ठिकाण तेच दफनाचे असे धरून टाकळघाटास जाणाऱ्यास थडगी भेटतील खरी, पण ती हिस्लॉप यांच्या कित्येक शतके आधीची. ती शिलावर्तुळे म्हणजे लोहयुगीन लोकांची दफनस्थाने होत. टाकळघाट व खापा येथे नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव यांनी १९६८-६९ साली उत्खनन केले. अनामिक मृतांची थडगी पाहून परतणाऱ्या मनुष्यास त्याच वाटेवर मृत्यू यावा, हा योगायोग मनास चटका लावून जातो.

थडग्यावरील शब्दही काळजीपूर्वक वाचावयास हवेत. ‘येथे विसावला आहे’ आणि ‘याच्या स्मरणार्थ’ या दोन वाक्प्रयोगांत फार अंतर आहे. हिंदुस्थानात वारलेल्या मुलाचे नाव गावाकडील कौटुंबिक शिळेवर कोरण्याची रीत स्कॉटलंडमध्ये होती. त्या शिळेखाली त्याचा देह असतोच असे नाही. म्हणून शिलालेखाची दफनाच्या नोंदीशी ताडणी करावी. कंपनी सरकारच्या तिन्ही इलाख्यांतून लंडनला गेलेल्या धार्मिक नोंदी आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कामठीच्या छावणीत मद्रासी फौज असल्याने तेथील मृताचा शोध मद्रास इलाख्याच्या नोंदींतही घ्यावा लागतो. मध्य प्रांत व वऱ्हाड येथील थडग्यांवरील लेखांची ओ. एस. क्रॉफ्टन यांनी केलेली यादी १९३२ साली नागपुरास प्रसिद्ध झाली. पाऊस, झाडांची मुळे व दगडांची पळवापळव यांमुळे मूळ लेख जेथे नष्ट होतात, तेथे असे पाठ हाच आधार उरतो.

एवंच, आधी नावाचे मूळ रूप, मग तत्कालीन हद्द, मग जन्म, मृत्यू, दफन व स्मारक या चार स्थळांचा पृथक् निर्णय, असा क्रम ठेवल्यास शोध बहुधा भरकटत नाही.

शेवटी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. हिस्लॉप यांच्या पश्चात् त्यांचे हस्तलिखित टिपण टेम्पल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. गोंडी शब्दसंग्रह व लिंगोचे दीर्घ गोंडी गीत त्यामुळे वाचले, आणि गोंडीच्या अभ्यासकांवर त्याचे ऋण आहे. या अर्थाने हिस्लॉप हे आम्हां भाषाभ्यासकांचेही पूर्वज होत. परंतु ते गीत परधान गायकाच्या मुखातून आलेले आहे. संग्राहकाचे घर व थडगे शोधण्यास डन्सची नोंदवही आहे, नागपूरची भूमी आहे, छापील चरित्रही आहे. परधानांच्या घराण्यांसाठी तशी एकही नोंदवही कोणी ठेवली नाही. त्यांच्या वस्त्यांची व स्थलनामांची जी परंपरा आज वृद्धांच्या मुखी आहे, ती त्यांच्या मूळ उच्चारांसह लिहून घेणे हे या भागातील अभ्यासकांचे कर्तव्य आहे. परक्या पूर्वजाचा माग काढताना आपल्या पूर्वजांच्या माथी अज्ञातवास राहू नये, इतकीच अपेक्षा.