उस्मानाबादचा चौथा गट

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा इतिहास सांगताना आपण सहसा दोन नावं घेतो. पेशी तपासून हा रोग आधीच ओळखता येतो हे दाखवणारे पापानिकोलाऊ, आणि १९८३-८४ मध्ये या गाठींत एचपीव्ही विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार शोधणारे हाराल्ड त्सूर हाउसेन. त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. आज आपल्याला तिसरं नाव घ्यायचंय, ते एका जिल्ह्याचं. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव.

हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो आणि बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो. काहींच्या शरीरात मात्र तो मुक्काम ठोकतो, आणि त्यातून कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. म्हणजे बघा, हातात किती वेळ असतो! या काळात बिघडलेला भाग गोठवून किंवा तेवढाच काढून टाकता येतो. अंगावरून रक्त जायला लागल्यावर बाई दवाखान्यात आली, की मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो आणि तरीही भरवसा कमी.

१९९९ मध्ये बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांत अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, चार गट. पहिल्याला एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी. तपासणी एकदाच. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा, वेगळी तपासणी नाही.

निकाल २००९ मध्ये आला. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी या कर्करोगाने ३४ गेल्या. चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. बाकीच्या दोन तपासण्यांचा एवढा ठोस परिणाम दिसला नाही.

पण आपण त्या ६४ जणींपाशी थांबायला हवं. तपासणी न केलेला गट ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला. बाजू घेणारे म्हणाले, तेव्हा गावात तपासणी नव्हतीच. विरोधक म्हणाले, नव्हती म्हणूनच द्यायला हवी होती. आम्हाला दोन्ही म्हणणी खरी वाटतात.

आता पुण्यात बनलेली लसही आहे. ती मुलींना वेळेत मिळाली, तर पुढच्या पिढीचं ओझं हलकं होईल. आज तिशी ओलांडलेल्या बाईला मात्र तपासणीच हवी. ती आजही गावात पोचत नसेल, तर चौथा गट अजून संपलेला नाही.