ऑक्सफर्डचीं नव्वद पत्रकें व त्यांचे कर्ते

महोत्सवाच्या अंकांत आपल्या देवालयाचा इतिहास सांगावा, आपल्या धर्मगुरूंचें व पूर्वजांचें कृतज्ञतेनें स्मरण करावें, हें योग्यच होय. आणि तें कार्य ह्या अंकांतील इतर लेखांनीं केलेंच आहे. आम्ही वाचकांस घटकाभर आपल्या वेशीबाहेर, किंबहुना आपल्या पंथाच्याहि बाहेर, नेऊं इच्छितों. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील अँग्लिकन पंथाच्या कांहीं विद्वानांनीं केवळ स्वतःच्या जबाबदारीवर एक पत्रकमाला चालविली. तिच्या पाठीशीं सरकार नव्हतें, बिशपांची आज्ञा नव्हती, कोणी नेमलेली समितीहि नव्हती. तिच्या मुख्य लेखकास आज आपली पवित्र ख्रिस्तसभा संत म्हणून गौरविते, आणि तिच्यापासून निघालेला एक झरा थेट पुण्याच्या गुरुवार पेठेपर्यंत येऊन पोहोंचला. तेव्हां ही कथा परकी खचित नव्हे.

ह्या मालेचें नांव ‘ट्रॅक्ट्स फॉर द टाइम्स’, म्हणजे प्रस्तुत काळासाठीं पत्रकें. तिचा उगम एका राजकीय वादांत झाला. सोळाव्या शतकांत रोमशीं संबंध तुटल्यापासून इंग्लंडच्या धर्मसंस्थेवर राजाचें, व पुढें राजाच्या नांवानें पार्लमेंटाचें, वर्चस्व चालत आलें होतें. १८३३ सालीं पार्लमेंटानें आयर्लंडांतील अँग्लिकन बिशपांचीं दहा पीठें कमी करण्याचा कायदा केला. खरें पाहतां आयर्लंडची बहुतेक प्रजा कॅथलिक होती, आणि तिच्या माथीं मारलेल्या त्या संस्थेचा पसारा आटोपला तर त्यांत अन्याय नव्हता, हें कोणीहि कबूल करील. परंतु ऑक्सफर्ड येथील कांहीं धर्मोपदेशकांच्या मनांत निराळाच प्रश्न उभा राहिला: बिशप हा सरकारचा नोकर आहे काय? ज्यास पार्लमेंट काढूं शकतें, तो प्रेषितांचा वारस कसा? त्याच वर्षीं १४ जुलै रोजीं जॉन कीबल यांनीं सेंट मेरीच्या देवालयांत न्यायाधीशांसमोर प्रवचन करून, राष्ट्र धर्मभ्रष्ट होत आहे असा इषारा दिला.

आतां पुढें काय करावें याविषयीं मतभेद झाला. कित्येक वजनदार गृहस्थांचें म्हणणें असें कीं, एक मंडळ स्थापावें, समिति नेमावी, आणि समितीनें तपासल्यावांचून कांहीं छापूं नये. जॉन हेन्री न्यूमन यांस हें पसंत नव्हतें. ज्यानें त्यानें आपल्या मनचें लिहावें व त्याची जोखीमहि आपणच घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. ९ सप्टेंबर १८३३ रोजीं पहिलें पत्रक निघालें. अवघीं चार पानें. लेखकाचें नांव नाहीं. तें न्यूमन यांनीं लिहिलें होतें, आणि त्यांचें वय तेव्हां ३२ वर्षांचें होतें. त्यांत त्यांनीं आपल्या धर्मबंधूंस सरळच विचारिलें कीं, सरकारनें उद्यां हात काढून घेतला तर तुमचा अधिकार कशावर उभा राहील? कुळावर, विद्येवर, कीं संपत्तीवर? उत्तरहि त्यांनींच दिलें: प्रेषितांपासून हस्तारोपणानें चालत आलेल्या परंपरेवर. पत्रकांचे गठ्ठे घेऊन न्यूमन स्वतः घोड्यावर बसत व खेड्यापाड्यांतील पाद्र्यांच्या दारीं जात.

ह्या कार्यांत ते एकटे नव्हते. कीबल हे खेड्यांतील पाद्र्याचे पुत्र व स्वतः कवि. १८२७ सालीं निघालेला त्यांचा भक्तिपर काव्यसंग्रह घरोघर वाचला जात असे. रिचर्ड हरेल फ्रूड हे वयानें तरुण, वाणीनें तिखट आणि क्षयानें ग्रासलेले. अँग्लिकन असूनहि रोमविषयीं आदर व धन्य कुमारी मरियेविषयीं भक्ति बाळगण्यास ते कचरत नसत. १८३६ सालीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, ते वारले. मित्राची आठवण म्हणून न्यूमन यांनीं त्यांच्या पुस्तकांतून एक रोमन ब्रेव्हिअरी, म्हणजे आपल्या धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेचा ग्रंथ, घेतला. त्यांतील प्रार्थना ते म्हणूं लागले, आणि त्याच वर्षीं त्या ग्रंथावर ७५ वें पत्रक निघालें. एका मृत मित्राच्या कपाटांतून आपल्या ख्रिस्तसभेची प्रार्थना अशा रीतीनें त्या मंडळींत शिरली.

हिब्रूचे प्राध्यापक एडवर्ड पुझी यांनीं उपवासावरील १८ व्या पत्रकाखालीं आपल्या नांवाचीं आद्याक्षरें घातलीं. त्यांच्या नांवावरून विरोधक पुढें ह्या सर्वच मंडळीस ‘पुझीपंथी’ म्हणूं लागले. १८३५ सालीं त्यांनीं बाप्तिस्म्यावर जें लिहिलें तें ६७ पासून ६९ पर्यंत तीन क्रमांक व्यापून बसलें. चार पानांच्या पत्रकाचा आतां ग्रंथ झाला होता.

जसजसा अभ्यास वाढला तसतसा मूळ प्रश्न लेखकांवरच उलटला. परंपरा हेंच प्रमाण, तर ती अखंड कोठें आहे? अँग्लिकन पंथ हा रोम व प्रॉटेस्टंट यांमधील मध्यममार्ग होय, असें न्यूमन म्हणत. परंतु १८३९ सालीं प्राचीन पाखंडांचा इतिहास वाचतां वाचतां, व डॉ. वाइझमन यांचा डोनाटिस्ट पंथावरील लेख पाहून, हा मध्यममार्ग त्यांस डळमळीत दिसूं लागला. २७ फेब्रुवारी १८४१ रोजीं ९० वें पत्रक प्रसिद्ध झालें. अँग्लिकन पंथाच्या ३९ कलमांचा अर्थ पुरातन कॅथलिक शिकवणुकीशीं जुळेल असा लावतां येतो, असें त्यांत प्रतिपादन होतें. एकच गहजब उडाला. ऑक्सफर्डच्या चार अध्यापकांनीं निषेध केला, कॉलेजांच्या प्रमुखांनीं दोष दिला, आणि ऑक्सफर्डचे बिशप बॅगट यांनीं माला बंद व्हावी अशी इच्छा दर्शविली.

येथेंच ह्या कथेचा कस आहे, असें आम्हांस वाटतें. माला स्वतंत्र होती. ती चालू ठेवण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, आणि वादामुळें ९० व्या पत्रकाचा खपहि मोठा होता. परंतु बिशपाचा शब्द हा प्रेषितांच्या वारसाचा शब्द होय, हेंच त्या मालेनें शिकविलें होतें. न्यूमन यांनीं ९० वें पत्रक मागें घेतलें नाहीं, कारण तें खरें आहे अशी त्यांची समजूत होती. पण ९१ वें काढलें नाहीं. जें छापिलें तें पाळिलें. आपल्याच शिकवणुकीनें आपली लेखणी थांबत आहे हें दिसत असतांहि त्यांनीं ती शिकवणूक बदलली नाहीं.

पुढें एकामागून एक बिशपांनीं त्या पत्रकाचा धिक्कार केला. न्यूमन लिटलमोर ह्या खेड्यांत जाऊन राहिले, व १८४३ सालीं त्यांनीं सेंट मेरीचें पद सोडलें. ८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्रीं इटालियन पॅशनिस्ट धर्मगुरु डोमिनिक बार्बेरी पावसांत भिजून तेथें पोहोंचले. ते विस्तवाशीं कपडे वाळवीत असतां न्यूमन येऊन त्यांच्या पायांशीं पडले. दुसऱ्या दिवशीं त्यांचा कॅथलिक ख्रिस्तसभेंत स्वीकार झाला. त्यासाठीं त्यांस ऑक्सफर्ड सोडावें लागलें, मान गेला, आणि मित्र दुरावले. कीबल व पुझी अँग्लिकनच राहिले. तिघे पुनः एकत्र आले ते १८६५ सालीं, कीबल यांच्या हर्सली येथील घरीं. कीबल दारांत उभे होते. त्यांनीं न्यूमन यांस ओळखलें नाहीं, आणि न्यूमन यांनींहि त्यांस ओळखलें नाहीं. पुढच्याच वर्षीं कीबल वारले.

ही कथा आपल्या लोकांत विजयाची म्हणून सांगण्याचा मोह होतो. जो आला त्याचा जयजयकार, आणि जे राहिले त्यांचा विसर! हें न्याय्य नव्हे. राहिलेल्यांच्या कार्याची फळें आपल्याच प्रांतांत आहेत. पुझी यांचे शिष्य रिचर्ड बेन्सन यांनीं १८६६ सालीं ऑक्सफर्डजवळ काउली येथें एक संन्यस्त संघ स्थापिला. त्याआधीं, १८४८ सालीं, वाँटेज येथें धर्मभगिनींचा एक संघ निघाला होता. त्या भगिनी १८७७ सालीं पुण्यास आल्या. त्यांच्याच ओळखीनें पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या, व १८८३ सालीं वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. काउलीच्या फादरांनीं व वाँटेजच्या भगिनींनीं चालविलेलें पुण्याचें पंचहौद मिशन महाराष्ट्रास वेगळ्याच कारणानें ठाऊक आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत तेथें घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ति रानडे प्रभृतींवर ग्रामण्य उठलें. त्याच वर्षीं ११ ऑगस्टला न्यूमन इंग्लंडांत वारले होते. चहाचा पेला सर्वांच्या लक्षांत राहिला. तो पुढें करणाऱ्या मिशनची वंशावळ ऑक्सफर्डच्या त्या पत्रकांपर्यंत जाते, हें थोड्यांच्याच लक्षांत आहे.

असो. न्यूमन यांस १८७९ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं कार्डिनल केलें. १३ ऑक्टोबर २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें. त्याच दिवशीं आपल्या केरळच्या मरियम थ्रेसिया याहि संत ठरल्या, आणि इंग्लंडचे तत्कालीन युवराज चार्ल्स समारंभास उपस्थित होते. १ नोव्हेंबर २०२५ रोजीं पोप चौदावे लिओ यांनीं न्यूमन यांस ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून जाहीर केलें.

वाचकहो, महोत्सवाच्या अंकांत आपण एकोप्याच्या, सेवेच्या व श्रद्धेच्या गोष्टी मोठ्या हौसेनें छापितों. उद्यां त्याच गोष्टी आपल्यावर उलटल्या, आणि त्यांनीं आपली सोय, आपला मान, आपली जुनी बैठक मागितली, तर आपण काय करूं? लिटलमोरला जाणाऱ्यानें व हर्सलीस राहिलेल्यानें, दोघांनींहि, आपापल्या समजुतीप्रमाणें लिहिलेल्या शब्दाची किंमत मोजली. दयाळु परमेश्वर आम्हांसहि आपल्या शब्दास जागण्याचें बळ देवो, आणि एकाच उगमाचे हे दुभंगलेले प्रवाह त्याच्या इच्छेच्या वेळीं पुनः एकत्र आणो, हीच प्रार्थना.