जबलपूरची माती आणि तिची भट्टी

जबलपूरच्या इतिहासात गोंडांची राजवट, 1798 साली नागपूरकर भोसल्यांकडे आलेला हा मुलूख आणि 1817 च्या अखेरीस बसलेला इंग्रजी अंमल यांची हकीकत विस्ताराने सांगितली जाते. परंतु शहराच्या पायाखालील पांढऱ्या मातीला त्यात क्वचितच स्थान मिळते, याची खंत वाटते. बडा सिमला टेकडीवर खाली जबलपूर शैलसमूहाची ही माती, तिच्यावर लमेटा नावाच्या खडकांचे थर आणि माथ्यावर ज्वालामुखीचा काळा कातळ, अशी रचना आजही दिसते.

1870 च्या मार्चात मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग येथे सांधला गेला, तेव्हा कोळसा येण्याची आणि माल जाण्याची वाट मोकळी झाली. पुढे बर्न कंपनी आणि परफेक्ट पॉटरी यांच्या कारखान्यांतून या मातीचे सांडपाण्याचे नळ, कौले आणि प्रखर ताप सोसणाऱ्या अग्निविटा बाहेर पडू लागल्या. कच्ची माती भाजताना आकसते व तडकते, म्हणून तीत आधी भाजलेल्या मातीचा भुगा मिसळावा लागे. नळांना झिलई देण्यासाठी तापलेल्या भट्टीत मीठ टाकीत. त्याची वाफ मातीतील वालुकेशी संयोग पावून पृष्ठभागावर काचेचा थर बसवी.

अग्निविटेच्या अंतरंगात मात्र याहून विलक्षण घटना घडे. साधारण 500 ते 600 अंशांवर मातीतील बद्ध पाणी निघून जाते आणि तापमान हजार अंशांपलीकडे नेले की अॅल्युमिना व सिलिका या दोन ऑक्साइडांच्या संयोगातून सुईसारखे सूक्ष्म स्फटिक वाढू लागतात. हे स्फटिक म्हणजेच म्युलाइट. त्याचे स्वरूप बोवेन आणि ग्रेग या शास्त्रज्ञांनी 1924 साली निश्चित केले. त्याचा नैसर्गिक आढळ स्कॉटलंडच्या मल बेटावर, लाव्हाने भाजलेल्या मातीत होता. परंतु त्याआधी कितीतरी वर्षे जबलपूरचे भट्टीवाले अग्निविटांच्या पोटी तेच स्फटिक घडवीत होते, आणि या कसबाचा मान त्यांना निःसंकोच दिला पाहिजे.

म्युलाइट तापल्यावर अल्प प्रसरण पावते, म्हणून उष्णतेच्या चढउतारात सहसा तडकत नाही, आणि प्रखर तापातही भाराखाली सहजी वाकत नाही. नुसत्या मातीत मात्र सिलिका अधिक पडते व तिची काच बनते, जी तापात मऊ होते. शुद्ध म्युलाइटात वजनाने सुमारे 72 टक्के अॅल्युमिना लागते. मातीतील अॅल्युमिनाची उणीव भरून काढणारे बॉक्साइट जवळच्या कटनी परिसरात आहे. पोलाद व काच यांच्या भट्ट्यांची अस्तरे, चिनी मातीची भांडी भाजताना खाली ठेवायच्या फरश्या आणि तापमापकांची आवरणे आज म्युलाइटाची करतात.