दोन हातांचा गोलंदाज

पांढरकवडा हे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातले गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते नागपूर-हैदराबाद रस्त्यामुळे, फार तर टिपेश्वरच्या वाघांमुळे. पण मंडळी, अक्षय कर्णेवारही इथलाच. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा!

लहानपणी तो उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा, पण सीमारेषेवरून चेंडू फेकायचा डाव्या हाताने. प्रशिक्षकाने ते हेरले आणि डाव्या हातानेही गोलंदाजी कर म्हणून सांगितले. (आमच्या काळी डाव्या हाताने लिहिणाऱ्या पोराला छडी मिळे. या प्रशिक्षकाचे कौतुक वाटते ते म्हणूनच.) फायदा उघड आहे. फलंदाजापासून दूर वळणारा चेंडू खेळायला अवघड. डावखुऱ्याला उजव्या हाताने टाकावा, उजव्याला डाव्या हाताने. फक्त हात बदलताना पंचांना आधी सांगावे लागते. सप्टेंबर 2017 मध्ये चेन्नईच्या सराव सामन्यात त्याने ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडला उजव्या हाताने आणि मार्कस स्टॉइनिसला डाव्या हाताने गोलंदाजी केली, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याचे नाव झळकले.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये पॅट व्हेंडिटी नावाचा असाच एक खेळाडू होऊन गेला. 2008 साली त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज आला. हा हात बदलला की तो बाजू बदलणार, तो बदलला की हा! खेळ थांबला. शेवटी फेकणाऱ्याने हात आधी जाहीर करावा असा नियमच करावा लागला. पुढे सात वर्षे खालच्या संघांत काढल्यावर 2015 मध्ये तो वरच्या लीगमध्ये पोचला आणि 2020 पर्यंत सहा संघ फिरला. दोन हात असूनही एका ठिकाणी पाय टिकला नाही.

अक्षयची अडचण निराळी. विदर्भाकडे डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे होता आणि ऑफस्पिनला अक्षय वखरे. म्हणजे याचे दोन्ही हात संघात आधीच हजर! फेब्रुवारी 2019 मध्ये नागपूरच्या रणजी अंतिम सामन्यात सौराष्ट्राच्या 20 पैकी 18 विकेट्स या दोघांनी घेतल्या. कर्णेवारला एकही नाही. पण खाली येऊन त्याने नाबाद 73 केल्या, म्हणून विदर्भाच्या 312 झाल्या. सौराष्ट्र 307 वर संपले. आघाडी अवघी पाच धावांची! सामना आपण 78 धावांनी जिंकला. सामनावीर सरवटे ठरला, आणि ते रास्तच होते. पण त्या 73 धावा मला अजून आठवतात. त्याच महिन्यात इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याने 102 केल्या, ही तर गोलंदाज म्हणून आलेल्या मुलाची कमाई.

भारतीय संघात मात्र त्याला संधी मिळाली नाही.

नोव्हेंबर 2021 मध्ये मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चार षटके टाकली. चारही निर्धाव, दोन विकेट्स. पुरुषांच्या ट्वेंटी-20 मध्ये असे त्याआधी कुणी केले नव्हते. मणिपूरचा संघ कच्चा होता, असे म्हणणारे भेटतात. होता. सर्वबाद 55. पण 24 चेंडूंत कुणाच्या बॅटची कड लागूनसुद्धा एक धाव निघू नये? पुढच्याच सामन्यात सिक्कीमविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली.