ओढ आणि ओढाताण

'डिस्ट्रॅक्शन' या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे, असे कोणी विचारले की आपण 'लक्ष विचलित होणे' असे सांगून मोकळे होतो. ते चूक नव्हे; परंतु शब्दालाही कुळकथा असते, आणि ती पाहिली म्हणजे मला घरचाच एक शब्द अधिक नेमका वाटतो : ओढाताण. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ओढणे, आणि त्यामागील उपसर्गाचा अर्थ वेगवेगळ्या दिशांना. शेक्सपिअरच्या काळी हा शब्द वेड लागण्यापर्यंत जाई; पुढे तो मवाळ झाला, आणि आता घटकाभरच्या करमणुकीलाही इंग्रज तोच शब्द लावतो.

गंमत अशी, की 'ट्रेन' हा शब्दही त्याच धातूच्या वंशातला! आधी झग्याचा मागे लोळणारा घोळ, मग एकामागून एक चालणारा लवाजमा, आणि शेवटी इंजिनाने ओढलेले डबे, असा त्याचा प्रवास.

आमच्या ठाणे जिल्ह्यात या दोन भावंडांची गाठ पडली. त्यापूर्वी घाटावरची ओढ मुरबाडकडून होती. कल्याणचा माल वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून जुन्नरला जाई; सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख त्या घाटातील लेण्यात आजही आहे. पुढे लोखंडी रूळ आले. 1854 साली गाडी कल्याणला पोहोचली, 1855 मध्ये वासिंदला, 1860 मध्ये शहापूरजवळच्या आसनगावला, 1861 मध्ये कसाऱ्याला, आणि 1865 मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. मुरबाड बाजूलाच राहिले. 1892 पासून शहापूरकडील तानसाचे पाणीही मुंबईकडे वाहू लागले. पाण्यामागून माणसे निघाली; मुरबाडकर आधी कल्याण गाठी आणि मग गाडी धरी, एवढाच काय तो फरक. देह मुंबईच्या गिरणीत आणि मन आवणीच्या चिखलात, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची स्थिती झाली.

देह एकीकडे आणि मन दुसरीकडे, या अवस्थेवर समर्थांनी दासबोधाच्या आठव्या दशकात एक सबंध समास खर्ची घातला आहे : दुश्चितनिरूपण. समर्थांचा रोख श्रवणाला बसून मनाने भटकणाऱ्यावर आहे, आणि परमार्थात तो योग्यच. परंतु प्रपंचात मला त्या दुश्चित माणसाची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. इंग्रजी शब्द फक्त ताण दाखवतो. आपला शब्द त्या ताणाआधी 'ओढ' आहे हेही सांगतो. ओढ म्हणजे माया. एक ओढ असली तर माणूस सुखी असतो, दोन झाल्या की त्याची ओढाताण होते.

तेव्हा वर्गात खिडकीबाहेर पाहणारे पोर असो की कामावर हरवलेला माणूस असो, 'लक्ष कुठे आहे?' असे दरडावण्यापूर्वी त्याला कोण ओढीत आहे, हे आधी विचारावे. दिवाळीला आसनगावच्या फलाटावर पिशव्या सावरीत उतरणारी गर्दी पाहिली, की या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशात शोधावे लागत नाही.